सच्चीमुच्चीचे पप्पा

राजपुरा, बऱ्हाणपूर
२ फेब्रुवारी १९८६

रा. रा. नंदकुमारराव यांस,

प्रभाकरचा मनापासून रामराम. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत आणि तिकडे सरहद्दीच्या थंडीत तुम्हीही खुशाल असाल असं धरून चालतो (नसाल तर ताबडतोब कळवा, शारदेने डिंकाचे लाडू करायला घेतलेच आहेत). तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे वयाने माझ्याहून लहान आणि मानाने मोठे. त्यामुळे तुम्हाला ‘तब्येतीला जपा’ असं लिहावं की ‘आशीर्वाद असू द्या’ असं लिहावं, हा पेच मला तुमच्या लग्नापासून पडत आला आहे. दोन्ही लिहून टाकतो. त्यातलं लागेल ते ठेवून घ्या.

पत्र लिहायला बसलो ते तुमच्या कन्येपायी. घाबरू नका, चि. कोकिळा ठणठणीत आहे, वरण-भात मागून खाते आणि मांजरीला शिस्त लावते. तुमच्या बहादरपूरहून रोज येणं-जाणं एवढ्याशा पोरीला झेपायचं नाही म्हणून गेल्या जूनमध्ये कमल तिला घेऊन आमच्याकडे राहायला आली, आणि कोकी इथल्या बालमंदिरात जाऊ लागली. तेव्हापासून या घरात हुशार माणसं किती, याचा विचार मला नव्याने करावा लागला आहे. आधी मी एकटाच होतो. मी बँकेत सह्या तपासतो हे तुम्ही जाणताच. खोटी सही मी टेबलाच्या पलीकडून, कागद उलटा असला तरी ओळखतो, अशी माझी ख्याती आहे (ख्याती मीच सांगितलेली असली तरी आजवर ती कोणी खोडलेली नाही). पण खरं काय आणि खोटं काय याची पारख म्हणाल, तर पाच वर्षांच्या तुमच्या पोरीपुढे मी हात टेकले आहेत, आणि हे मी चारचौघांत सांगायला तयार आहे.

दिवाळीला मी टीव्ही घेतला हे तुम्हाला कळलं असेलच. लाकडी खोक्यातला, सरकत्या दारांचा आहे. टीव्ही तसा काळा-पांढरा, पण एका शेजाऱ्याच्या सल्ल्याने मी पडद्यावर रंगीत प्लास्टिकचा कागद बसवून घेतला. वर निळा, मध्ये केशरी, खाली हिरवा. डोंगर आणि शेत दाखवलं की फार शोभून दिसतं. माणूस आला की त्याचं कपाळ निळं, नाक केशरी आणि हनुवटी हिरवी दिसते, पण सवय झाली की काही वाटत नाही. शारदा तर म्हणते की आता बाहेर भेटलेली माणसंच तिला फिकट वाटतात.

टीव्ही आल्यावर आम्हा मोठ्यांचं काय झालं ते आधी सांगतो, म्हणजे कोकीची थोरवी तुमच्या ध्यानात येईल. पहिले तुमचे चुडामणकाका. बहादरपूरहून आमच्याकडे आले होते, आणि शेतीच्या कार्यक्रमात केळीच्या रोगांविषयी कोणी साहेब बोलत होते. काकांनी पुढच्या आठवड्याला आपल्या बागेतलं पिवळे ठिपके पडलेलं केळीचं पान आणलं. सबंध पान, अख्खं, बसच्या टपावरून. कार्यक्रम सुरू झाल्याबरोबर ते पान त्यांनी दोन्ही हातांनी पडद्यासमोर धरलं आणि साहेबांना म्हणाले, हे पाहा, खालून पिवळं पडत चाललंय. साहेब त्या वेळी म्हणत होते की बागेत पाणी साचू देऊ नका. काका तृप्त झाले, साहेबांना रामराम घातला आणि गेले. (पानामुळे आम्हाला त्या दिवशी साहेब दिसलेच नाहीत, नुसते ऐकू आले.) घरी जाऊन त्यांनी चर खणून पाणी काढून दिलं आणि बाग सुधारली, त्यामुळे आता त्यांना समजावणं माणसाच्या हातात राहिलेलं नाही. पण कोकी त्यांना दारापर्यंत सोडायला गेली होती. तिथे तिने त्यांना हळूच सांगितलं, “काका, त्यांना तुमचं पान नाही दिसलं. त्यांनी सबको सांगितलं ना, म्हणून तुम्हालापण सांगितलं.” एवढी अवघड गोष्ट इतक्या थोडक्यात मला बँकेच्या मॅनेजरनेही कधी समजावलेली नाही.

दुसरी आमची शारदा. एका मालिकेतली सोशिक सून मंगळवारी वारली. शारदेला इतकं लागलं की तिने त्या संध्याकाळी कढई चढवली नाही. भजी ठरली होती, पण घरात असं झाल्यावर तळण कसं करायचं म्हणून आम्हाला पिठलं मिळालं. शेजारच्या बायका भेटायला आल्या, सून कशी गुणाची होती याच्या आठवणी निघाल्या, आणि एकीने तर तिच्या सासूला नावं ठेवता ठेवता स्वतःच्या सासूचं नाव घेतलं. कोकी मध्ये बसून सगळं ऐकत होती. मग म्हणाली, मामी, रडू नको, ती साबण घेऊन येईल. सगळ्या बायकांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, लेकरू आहे, मरण म्हणजे काय त्याला काय कळणार. आणि दोन दिवसांनी ती सून खरोखरच जाहिरातीत आली, हसत हसत, साबण घेऊन, केस धुतलेले! कोकीने हे आधी दोनतीन जणांच्या बाबतीत टिपून ठेवलं होतं. मेलेलं माणूस जाहिरातीत दिसलं की ते झूटमूटचं मेलेलं असतं, हा तिचा नियम. शारदेने मग भजी केली, पण साबणाचा तो ब्रँड बदलला. म्हणाली, इतक्या लवकर हसायला नको होतं तिने.

तिसरा मी. माझ्याविषयी थोडक्यात आटपतो. एका रहस्यकथेत हवालदाराच्या मागून चोर सुरा घेऊन येत होता, आणि मी खुर्चीवरून उठून “मागे बघा, मागे!” असं ओरडलो. हवालदाराने मागे बघितलं नाही. कोकीने मात्र बघितलं, म्हणजे माझ्याकडे.

आता ही पोर हे सगळं ओळखते कशी? मला वाटायचं, ती जन्मतःच शहाणी असेल, तिच्या मामावर गेली असेल. तसं नाही. ती तपासून पाहते. बातम्या देणाऱ्या बाई सरळ आपल्याकडे बघतात, म्हणून तिने पडद्यासमोर उभं राहून त्यांना जीभ काढून दाखवली. बाई बातम्या सांगत राहिल्या. मग केसांत पेन्सिल खोचली, उलटी उभी राहिली, आमच्या मांजरीला त्यांच्यासमोर धरलं. कशानेच काही फरक पडेना तेव्हा तिचं मत झालं की बाई आहेत सच्चीमुच्चीच्या, पण त्यांना आपण दिसत नाही. एका चित्रपटात नदीला पूर आला तेव्हा तिने टीव्हीच्या खाली वाटी ठेवली. पूर ओसरल्यावर वाटीत बोट घालून पाहिलं. कोरडी. दुसऱ्या दिवशी दुधाचं भांडं टीव्हीवर ठेवून आतलं कोणी ते उचलतं का ते बघत होती, ते शारदेने वेळेवर काढलं. लाइट गेली की आतली माणसं अंधारात बसतात की घरी जातात, हा प्रश्न तिने मला विचारला होता. मी सांगितलं की तुझ्या शाळेत शिकवतील. खरं सांगायचं तर मलाही नेमकं माहीत नव्हतं.

अशी तपासून तपासून तिने टीव्हीची वाटणी केली आहे. एक सच्चीमुच्चीचं, जे तिकडे खरंच होतं आहे. दुसरं झूटमूटचं, म्हणजे नाटक. आणि एक तिसरंही, ते मला फार उशिरा कळलं, आणि त्याच्यावरूनच सगळं रामायण घडलं. ते आता सांगतो. खुर्ची जवळ ओढा (तंबूत खुर्ची नसेल तर ट्रंकेवर बसा).

डिसेंबरात तुमचं पत्र आलं की दिल्लीच्या सव्वीस जानेवारीच्या परेडसाठी जवान निवडताहेत, तुमचंही नाव पुढे गेलं आहे, बघू काय होतं. ते पत्र चुडामणकाकांनी बहादरपूरला पारावर वाचून दाखवलं. संक्रांतीपर्यंत बहादरपुरात तुमची निवड झालेली होती. संक्रांतीनंतर तुम्ही पहिल्या रांगेत आलात. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मला रस्त्यात एक ओळखीचे भेटले, ते म्हणाले, तुमच्या पाहुण्यांच्या हातात झेंडा आहे म्हणे. मी हो म्हणालो. आपल्या माणसाचा झेंडा आपणच कसा काढून घ्यायचा?

सव्वीस तारखेला रविवारी सकाळीच बहादरपूरहून ट्रॅक्टरची ट्रॉली भरून माणसं आली. शारदेने रात्रीच पाण्याचा रांजण भरून ठेवला होता आणि मी मिठाईत दराबा आणून ठेवला होता. थोरली मंडळी खुर्च्यांवर, बाकीचे सतरंजीवर, लेकी-सुना आतल्या खोलीच्या दारात. चुडामणकाका स्वतःहून वर गच्चीवर अँटेना धरायला गेले. (केळीच्या पानापासून ते स्वतःला दूरदर्शनच्या घरचेच समजतात.) आणि तुमच्या मातोश्री, सरुबाई, नवं लुगडं नेसून, हातात औक्षणाचं ताट घेऊन बरोबर पडद्यासमोर. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, आणि पदराला बांधलेली मीठ-मोहरीची पुरचुंडी. मी म्हटलं, मावशी, ही कशाला? तर म्हणाल्या, सगळ्या मुलखाची नजर पडणार आज पोरावर, उतरवून नको टाकायला? नंदकुमारराव, खरं सांगतो, मी हसलो नाही. दीड वर्षात त्यांनी तुम्हाला पाहिलेलं नाही. त्या बाईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं, ते पाहिल्यावर कोणालाही हसू आलं नसतं.

परेड सुरू झाली. मध्येच पडद्यावर मुंग्या येत, वरून काका विचारत, “आलं का?” आम्ही ओरडत असू, “गेलं!” मग ते अँटेना फिरवत आणि पुन्हा यायचं. पलटणीमागून पलटणी निघाल्या. सगळ्यांचे फेटे निळे, मिशा केशरी आणि बूट हिरवे. सगळ्यांचे हात एकदम वर, एकदम खाली. एका आईचे जुळेसुद्धा इतके सारखे दिसत नाहीत. अशा वेळी घरातून आवाज उठला, “हे बघा! तिसऱ्या ओळीत, कडेचे! हेच!” (आवाज कोणाचा होता ते तूर्त बाजूला ठेवू.) झालं. सरुमावशी उठल्या. “माह्या नंदू! वळखला मी, हाच माह्या नंदू!” म्हणून रडत-हसत निरांजन पेटवायला लागल्या. वाऱ्याने काडी विझली, दुसरीही विझली, तिसरी पेटली. पण तोवर तुमची पलटण पुढे निघून गेली होती आणि मागून उंटांचं पथक आलं होतं. ओवाळणी झाली ती उंटांची. कुंकू लागलं ते उंटावरच्या एका मोठ्या मिशीच्या जवानाच्या कपाळाला, म्हणजे काचेला. मावशी मला म्हणाल्या, “त्याले जरा मागं घ्या ना.” टीव्हीत मागे घेता येत नाही हे मी त्यांना समजावत होतो, आणि सगळी खोली डोळे पुसत होती, आणि मीही पुसत होतो.

आणि त्या सगळ्यात आतल्या दारातून कोकीचा आवाज आला. मोठ्याने नाही, अगदी साधा. “ते पप्पा नव्हते.”

कोणी ऐकलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. मग एकदम सगळ्यांनी ऐकलं.

आता इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. कमल त्याच दारात होती, डोक्यावरून पदर घेऊन, कोकी तिच्या मांडीवर. ज्या बाईला नक्की ठाऊक असणार, ती ती एकटीच. पण समोर सासू, खुर्च्यांवर गावातली सगळी वडीलधारी, आणि आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात, तेही आग्रह झाल्यावर. सगळ्या गावासमोर टीव्हीकडे बोट करून ‘हा माझा नवरा’ किंवा ‘हा नव्हे’ असं कुठली सून सांगेल? म्हणजे तिला कोणी विचारायचं नाही आणि तिने सांगायचं नाही. ओळखायचं काम आम्हा बाकीच्यांवर येऊन पडलं, आणि आम्ही ते कसं पार पाडलं ते वर आलंच आहे.

मावशींनी पोरीला जवळ घेतलं. म्हणाल्या, अगं, तुझा बापच तो, आत्ता गेला. कोकी म्हणाली, नाही आजी. मावशींनी विचारलं, परेड झूटमूटची आहे का गं मग? नाही, परेड सच्चीमुच्चीची आहे. तिथे शिपाई खरे आहेत का? हो, खरे आहेत. मग बाप खोटा कसा? तर म्हणे, “ते सच्चीमुच्चीचे आहेत आजी, पण आपले नाहीत.” हीच तिची ती तिसरी वाटणी. खरं आहे, पण आपलं नाही. खुर्चीवरच्या मंडळींना हे पटेना. त्यांचं म्हणणं, खरी परेड म्हणजे खरा नंदकुमार. यात मध्ये काही असतं हे त्यांना मान्य नव्हतं. तेवढ्यात गच्चीवरून काकांनी विचारलं, “आलं का?”

मग परीक्षा सुरू झाली. भिंतीवरचा तुमचा लग्नातला फोटो खाली उतरवला. हे कोण? पप्पा. पलटणीचा तुम्ही पाठवलेला फोटो आणला, त्यात सगळे सारख्या टोप्या घालून बसलेले. यात कोण? तिने डोळे बारीक करून बरोबर तुमच्यावर बोट ठेवलं. मग आत्ता टीव्हीत होते ते कोण? तर तुमच्या लेकीने खांदे उडवले, मला काय माहीत, दुसऱ्या कोणाचे पप्पा असतील. इथे मावशींचा बांध फुटला. “लेकरू बापाले वळखत नाही वं माय!” म्हणून त्या ज्या रडल्या! आधीचं रडणं आनंदाचं होतं, हे तसं नव्हतं. त्यांच्या मते झालं काय, की टीव्ही बघून बघून पोरीला खरं काय, खोटं काय हेच कळेनासं झालं. खऱ्या बापालाही ती आता नाटकातला समजते. बाप इतका दूर, आणि पोर दिवसभर या डब्यापुढे. तिच्या डोक्यातला बाप हा डबा पुसून टाकतो आहे. म्हणून त्यांनी सर्वांदेखत ठरवून टाकलं, होळी झाली की कमलला आणि कोकीला बहादरपूरला नेणार. बालमंदिर बंद, टीव्ही बंद. बाप कोण आणि कसा, ते आजी सांगेल.

मुलीच्या भावाने मुलीच्या सासूपुढे काय बोलावं? शारदेने चहा टाकला. मंडळी दराबा खाऊन ट्रॉलीत बसली. कोकी बालमंदिराचं दप्तर पोटाशी धरून ओसरीवर बसून राहिली, आणि मांजर आली तरी तिला शिस्त लावली नाही. नंदकुमारराव, बालमंदिरात तिला इतकं आवडतं की रविवारीसुद्धा पोर वेणी घालून तयार बसते. जूनमध्ये तिला पहिलीत घालायचं होतं. तिच्यासारखं डोकं या घराण्यात, माझ्यासकट, आजवर झालेलं नाही, आणि ते होळीनंतर तसंच बंद करून ठेवायचं, हे मला बघवणार नाही. हे मी भाचीच्या कौतुकाने म्हणत नाही. कौतुकाने म्हणतो, पण खरंही म्हणतो.

मातोश्रींवर रागावू नका. त्या वाईट वागल्या नाहीत. लेकरू बापाला विसरेल या धसक्याने वागल्या. तसा धसका मलाही वाटला असता, जर मी पोरीला इतका जवळून ओळखत नसतो.

असो. पत्र फार लांबलं. लाडू टिनाच्या डब्यात येताहेत, वाटून खा, पण आधी दोन स्वतः खा. शारदेचा, कमलचा रामराम. कोकीने पप्पांसाठी आमच्या मांजरीचं चित्र काढलं आहे, ते सोबत ठेवतो. चित्रातल्या मांजरीला पाय पाच आहेत, त्याविषयी विचारलं तर ती म्हणते, “ते तर चित्र आहे, मामा!”

तुमचा,
प्रभाकर

ता. क. : ‘हे बघा, तिसऱ्या ओळीत’ असं ओरडणारा मीच. मिशी पाहून ओरडलो. तुम्ही मागच्या रजेत मिशी ठेवली नव्हती हे मला त्या दिवशी जेवताना आठवलं. सह्यांविषयी मी वर जे लिहिलं आहे, ते मातोश्रींना किंवा बँकेत कोणाला दाखवू नये.

ता. क. दुसरा : जे सांगायला एवढं पत्र लिहिलं, ते राहूनच गेलं. त्या सव्वीस तारखेला तुम्ही दिल्लीत होतात की नव्हतात, ते मला कळवूच नका. कारण असं की ‘मी नव्हतो’ असं आलं, तर मातोश्रींनी कोणा परक्या माणसाला ओवाळलं (आणि तेही उंटावरच्या) असं सगळ्या बहादरपुरात होईल आणि त्या बिचाऱ्या तोंड दाखवायला जागा शोधतील. ‘मीच होतो’ असं आलं, तर कोकी खोटी ठरेल आणि बालमंदिर संपलं. तेव्हा काही लिहू नका. या! होळीच्या आधी रजा काढून या. पोर धावत येऊन तुमच्या गळ्यात पडलेली मातोश्रींनी एकदा डोळ्यांनी पाहिली, की कोणी कोणाला ओळखलं नाही हा विषयच राहत नाही, मग टीव्हीत कोण होतं ते उंटांना विचारा. साहेबांना सांगायला कारण हवं असेल तर माझं नाव सांगा, मला दुखणं काढता येतं.

तुम्ही नव्हतात हे मला ठाऊक आहे. कमलने दुसऱ्या दिवशी शारदेला सांगितलं. तिला पहिल्या क्षणीच कळलं होतं. पण सासूच्या हातात ताट होतं, त्यांचा चेहरा उजळलेला होता, आणि तो आपल्या तोंडाने विझवायचा तिला धीर झाला नाही. पण मग कोकीला कसं कळलं? मी तिला मांडीवर घेऊन विचारलं. मला वाटलं, चालण्यावरून, उंचीवरून, काहीतरी खूण सांगेल. ती म्हणाली, “मामा, तुम्ही सगळे टीव्हीत बघत होते. मी मम्मीला बघत होती. पप्पांचं पत्र आलं ना, तर मम्मीचं तोंड असं होतं.” आणि तिने मान खाली घालून, ओठ आत दाबून, फ्रॉकचं टोक पदरासारखं दातात धरून ते तोंड मला करून दाखवलं. “सगळे ओरडले ना, तेव्हा तर झालंच नाही!” मी विचारलं, मग आजीला हे का नाही सांगितलंस? तर म्हणे, मम्मीने पण नाही सांगितलं ना, आजी खूश झाली होती म्हणून. आईने सांगितलं नाही ते का, हेही तिला कळलं होतं. नंदकुमारराव, मी तिच्या पाया पडायचा तेवढा बाकी राहिलो. भाचीच्या पाया मामाने पडायची आपल्यात रीत आहेच, म्हणून तेही उरकून घेतलं.

ता. क. तिसरा आणि शेवटचा : पाकीट चिकटवायच्या आधी कमलला विचारलं, तुला काही लिहायचं आहे का. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, लिहा, सगळं ठीक आहे म्हणून. मी लिहायला लागलो. मग म्हणाली, थंडी फार असेल म्हणावं तिकडे. तेही लिहितो आहे. मग जरा थांबली आणि म्हणाली, होळीला जमलं तर... आणि ओठ आत दाबून भाकरी तव्यावर टाकली, तीही वाकडी. कोकी माझ्या शेजारी उभी होती. तिने माझा सदरा जोरात ओढला आणि ओरडली, “मामा, बघा बघा, आत्ता! हे सच्चीमुच्चीचे पप्पा!”